कानाला नंबर नाही

टक्... टक्... टक्... टिक्. ऐकलंत? तुम्ही कसं ऐकणार, पंचावन्न वर्षं झाली त्याला. माझे वस्ताद बुटाच्या टाचेत खिळा मारायचे, तेव्हा खिळा आत जाईपर्यंत टक् टक् वाजायचं आणि तो जागेवर गेला की आवाज बदलायचा, बारीक, कोरडा... टिक्. मग वस्ताद हातोडी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "बसलं." बस, विषय संपला. आणि आता ह्या, ह्या फोन ऐकायच्या शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या, तीन महिने कानात कोंबतोय, कान आतून सोलून निघाला, पण तो टिक् काही येत नाही. येणार कुठून? मापच घेतलेलं नाही ना कुणी. पायाला नंबर आहे, डोक्यावरच्या टोपीला नंबर आहे, बोटातल्या अंगठीलासुद्धा नंबर आहे, कानाला नंबर नाही.

तसा मी फार बोलत नाही हां. घरात विचारा कुणालाही. चौथीनंतर शाळा सुटली, मग चाळीसेक वर्षं बुटांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर, तिथे बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही, मग बोलायचं कशाला? ती सवयच लागली. पण ह्या गोळ्यांनी मला वाचा फोडली बघा. आता बसस्टॉपवर अनोळखी माणसाच्या कानाकडे बघतो आणि विचारतो, "काय हो, तुमच्या राहतात का?" तो बिचारा जरा लांब सरकतो. सरकला की त्याची एक पडते. ती उचलतो, पँटला पुसतो, परत घालतो. मी म्हणतो, "मिळालं उत्तर."

तर तुम्हाला सांगतो, ह्या भानगडीत मी पडलो तो माझ्या आक्कापायी. आक्का म्हणजे थोरली बहीण. ती राहते लांब, दुसऱ्या गावाला, आणि कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहे. तिलाही लिहिता येत नाही, मलाही धड येत नाही, मग ती फोनवर बोलणं भरून पाठवते आणि मी ऐकतो, मग मी भरून पाठवतो आणि ती ऐकते. समोरासमोर फोन का करत नाही म्हणाल, तर समोरासमोर आक्काने मला आयुष्यात कधी बोलू दिलेलं नाही. हे बरं पडतं, दोघांनाही आपापली पाळी मिळते. तिचा एकेक निरोप सात-सात मिनिटांचा. माझे कान मशिनीने गेलेले, म्हणजे आवाज मोठा ठेवावा लागतो. आणि आमच्या खोल्या दोन. पुढच्या खोलीत माझी खाट, मागच्या खोलीत सूनबाईचं टेबल.

सूनबाई घरून काम करते. पाणी तापवायची यंत्रं विकणारी एक कंपनी आहे, त्यांच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम. सकाळपासून आपलं, "हो सर, समजलं सर, आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत सर." आता हे तुमच्या डोळ्यांसमोर आणा. मागच्या खोलीत एक गिऱ्हाईक तिला सांगतंय की चार दिवस मी गार पाण्याने आंघोळ करतोय, मला ताप आलाय, आणि पुढच्या खोलीत माझ्या फोनमधून आक्का गर्जना करतेय, "मेला फुकटचा रडतो, काही झालेलं नाही त्याला, नाटकं आहेत सगळी." आक्का तिच्या शेजाऱ्याबद्दल बोलत होती हो. गिऱ्हाइकाला काय माहीत? त्याने तक्रारीवर तक्रार केली. सूनबाईचा साहेब म्हणाला, "घरातला आवाज पुन्हा ऐकू आला तर घरून काम बंद." आणि घरून काम बंद म्हणजे कामच बंद, कारण कचेरी दोन तासांवर, मुलगा दिवसभर कामावर, आणि माझ्या गुडघ्यांमुळे घरात मागचंपुढचं बघायला तीच एकटी.

मला वाटलं, आता ही पोर मला धरणार. नाही धरलं.  ती तशी मुळातच माझ्याशी बेताचं बोलते. लग्न होऊन दीड वर्ष झालं, "चहा ठेवलाय", "औषध घेतलंत का", इतकंच. मीही, "हं", "घेतलं". दोघंही गप्प माणसं, त्यात परकेपणा किती आणि स्वभाव किती हे कसं कळायचं? पण पगार झाला त्या दिवशी पुढच्या खोलीत आली, हातात एक पांढरी डबी, अंड्यासारखी. उघडली. आत दोन गोळ्या. म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी."  मग तिने काय करावं? माझा चष्मा अलगद काढला, एक गोळी ह्या कानात, एक त्या कानात, स्वतःच्या हाताने घातली, जरा फिरवून नीट केली आणि मान तिरकी करून विचारलं, "बसलं ना, बाबा?"

आणि मी म्हणालो, "अगदी फिट."

फिट कसलं डोंबलाचं? डावी आतून टोचत होती आणि उजवी तिचा हात सुटल्याबरोबर निघायच्या बेतात होती, मी मान एका बाजूला कलती धरून ती तोलत होतो. पण तुम्ही सांगा, त्या वेळी काय म्हणायचं? उभ्या जन्मात मला एका जातीच्या माणसाचा राग आलाय, आणि तो म्हणजे पायात बूट चावत असताना दुकानात "छान आहे, छान आहे" म्हणणारं गिऱ्हाईक. तिथे तोंड उघडत नाही, आठ दिवसांनी फोड घेऊन येतं आणि दोष कारागिराला. अशा लोकांना मी मनातून किती शिव्या दिल्या असतील. आणि सत्तराव्या वर्षी मी तेच गिऱ्हाईक झालो. ती हसली हो. दीड वर्षात पहिल्यांदा मोकळं हसली. आता त्या हसण्यानंतर कोण माप काढत बसणार? आणि मग रोज सकाळी चहा देताना तिचा तोच प्रश्न, "बसतात ना, बाबा?" आणि माझं तेच, "अगदी फिट."

आता त्यांचे गुण ऐका. चालताना पडतात, ते सोडा, गरीब माणसाने बसून राहावं. पण बसल्या जागी पडतात. जांभई दिली की पडली. जेवताना घास चावला की पडली, कारण जबडा हलला की कान हलतो... हे मला सत्तर वर्षांत माहीत नव्हतं, पण ज्याने ही वस्तू बनवली त्याला माहीत नको? बूट बनवला की आम्ही चालून बघायचो. टेबलावर ठेवून "वा वा" नाही म्हणायचो. ह्या विद्वानाने ती घालून एक घास चावून बघायला काय हरकत होती? का त्याच्या देशात जेवत नाहीत? एक चहात पडली. एक बुटात पडली, ती सापडली पाय घातल्यावर. आणि एकदा आक्का तिच्या औषधाचं नाव सांगत होती तेव्हा खिडकीतून खाली पडली, आणि मी चपला घालून खाली जाऊन कुंडीतून उचलेपर्यंत आक्का मातीत बोलत होती. गुडघे दुखतात माझे, जिना दोन मजल्यांचा. पण कुणाला काय त्याचं? पायाला नंबर आहे, कानाला नंबर नाही.

मग मी म्हटलं, थांबा. नवा बूट चावतो तेव्हा आपण काय करतो? चामड्याला तेल पाजतो आणि आत लाकडी पाऊल घालून रात्रभर ठेवून देतो. ते आमचं कलबूत. सकाळी चामडं कसं लोण्यासारखं. हीच रीत इथे लावायची. लाकडाची दोन बारीक खुंटं कोरली, गोळ्यांना पुढे जी रबरी टोपी असते ती त्यांवर चढवली, गोळ्यांना आणि टोप्यांना छान तेल चोळलं, बोटाने दाबून दाबून, एकही भोक कोरडं ठेवलं नाही, आणि डबी कापडात गुंडाळून बाजूला ठेवली. चाळीस वर्षांचा अनुभव हो. सकाळी बघतो तर टोप्या फुगून लुळ्या पडलेल्या, आणि गोळी कानात घातली तर आक्का विहिरीच्या तळातून बोलतेय. पुसलं, वाळवलं, उन्हात ठेवलं. दुसऱ्या दिवशी आक्का विहिरीतसुद्धा नव्हती.

मारून टाकल्या मी त्या. सूनबाईच्या हातच्या गोळ्या मी तेल पाजून मारल्या. जुन्या मोज्यात घालून खणाच्या तळाशी ठेवल्या, आणि म्हटलं, तिला कळायच्या आत दुसऱ्या आणायच्या, दिसायला हुबेहूब, पांढऱ्या, अंड्यासारखी डबी, आणि आता घ्यायच्याच तर बसणाऱ्या घ्यायच्या. स्वस्तात, कारण माझ्या पेन्शनीत कान हा खर्च कधी धरलेलाच नव्हता.

पहिलं दुकान. तिथला विक्रेता, केस तेलकट चकचकीत, हनुवटीवर दाढीची एक रेघ. म्हणाला, "काका, हे घ्या, एकदम युनिव्हर्सल. सगळ्यांना बसतं." मी म्हटलं, "सगळ्यांना बसतं म्हणजे माप कुणाचं घेतलं?" तो म्हणे, "काका, माप लागतच नाही, असंच बनवतात." मी म्हटलं, "घालून बघतो." तर तो डबी मागे घेऊन म्हणतो, "नाही काका, कानाची वस्तू आहे, आधी घ्या, मग घाला." म्हणजे बघा, आधी पैसे, मग कान. बुटाच्या दुकानात असं म्हणाला असता ना, तर गिऱ्हाइकाने त्याच्याच बुटाने... जाऊ दे. मी म्हटलं, "माझा डावा कान लहान आहे, उजवा मोठा. डाव्याला ही द्या, उजव्याला त्या दुसऱ्या डबीतली द्या." दहा माणसांतल्या सातांचा एक पाय मोठा असतो, आम्ही मोठ्या पायाला बूट घालून बघायचो आणि दुसऱ्यात पातळ सुखतळा, म्हणजे आतली चामड्याची गादी, द्यायचो, त्यात काय मोठंसं? तर तो हसायला लागला. शेजारच्याला म्हणाला, "ऐक रे, काकांना जोडी फोडून पाहिजे." दोघंही हसले. हसता हसता त्याच्याच कानातली खाली पडली. मी उचलून दिली. म्हटलं, "युनिव्हर्सल."

दुसरं दुकान मोठं, काचेचं, आत गारवा. तिथल्या बाई गोड बोलायच्या. "सर, ह्यात तुम्हाला तीन साइझ मिळतात. छोटं, मध्यम आणि मोठं." मी म्हटलं, बरं वाटलं, कुणीतरी अर्ध्या वाटेवर आलंय. पण तीन? बाई, जगात एवढी माणसं, त्यांचे दुप्पट कान, आणि माप तीन? आमच्या कारखान्यात सहा ते अकरा अर्ध्या अर्ध्याने, त्यातही रुंद पावलाचं वेगळं, उंच कमानीचं वेगळं. बाई म्हणाल्या, "सर, टोपीचे तीन साइझ आहेत, गोळी एकच." म्हणजे बूट एकच, मोजे तीन. वा. किंमत बघितली आणि बाईंना म्हटलं, "बाई, एवढ्यात तर मी कानच बदलून घेतो."

तिसरीकडे फुटपाथवर चादर टाकून बसलेला एक होता. त्याच्याकडे कानामागे आकडा लावायची जात. आकडा चष्म्याच्या काडीला नडतो. चष्मा काढला तर फोनचं बटण दिसत नाही. चष्मा घातला तर आकडा चष्म्याला घेऊन निघतो. फुटपाथवाला म्हणाला, "आजोबा, डोळे मिटून ऐका." चौथीकडे गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला लोंबणाऱ्या गोळ्या, म्हणजे निदान जमिनीवर तरी पडत नाहीत, छातीवर पडतात. विक्रेता अभिमानाने म्हणतो, "हरवणार नाही." हरवणार नाही? मी ऐकायला घेतोय का सांभाळायला?

मग मी माझ्या रीतीने जायचं ठरवलं. मेण मऊ केलं, दोन्ही कानांत भरून ठसा काढला... एक दिवस डावा, एक दिवस उजवा, म्हणजे चहाला हाक मारली तर ऐकू यायला एक मोकळा हवा. त्या ठशावरून लाकडाचे दोन कान कोरले. कसे झाले म्हणून सांगू, पाळीसकट. ते खिशात घालून पाचव्या दुकानात गेलो आणि काउंटरवर ठेवले. म्हटलं, "माझ्यावर घालून बघू देत नाही ना? ह्यांच्यावर घाला." दुकानदार त्या कानांकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. मग खाली वाकून मालकिणीला, ती त्याची बायकोच असावी, हळूच म्हणतो, "अगं, हे कान घेऊन आलेत." ती बाई मात्र बाहेर आली, दोन्ही कान हातात घेतले, उलटे-पालटे केले आणि म्हणाली, "अहो, काम बघा यांचं." आणि तिने सहा डब्या फोडून एकेक त्या लाकडी कानांत घालून बघितली. सहाही पडल्या. पण निदान बघितली. सातवी बरी होती. पांढरी, डबी अंड्यासारखी, भाव परवडणारा. राहिली नाही, पण लोंबकळली. मी म्हटलं, ही द्या, पुढचं माझं मी बघतो.

घरी आलो. जुन्या बुटाची जीभ, त्यातलं मऊ चामडं, कागदासारखं तासलं, त्याच्या दोन बारीक चकत्या केल्या, डावीकडे एक पदर, उजवीकडे दोन, आणि गोळीच्या मानेभोवती बसवल्या. कानात घातली. मान हलवली. घास चावला. जांभई दिली... पडली नाही. टिक् नाही आलं, पण राहिली. वीस दिवस राहिली. सूनबाईचे कॉल सुखाने चालू, आक्का सुखाने बोलतेय, सकाळी "बसतात ना, बाबा?" आणि आता माझं "अगदी फिट" अर्ध्याहून जास्त खरं. ज्यांनी कारखाने उभारून ही वस्तू बनवली त्यांना जे जमलं नाही ते मी बुटाच्या जिभेने केलं. ह्या लोकांना काय म्हणायचं? पायाला नंबर आहे, कानाला नंबर नाही, आणि डोक्यालाही नसावा.

आता एवढं झाल्यावर आक्काला सांगायला नको? सांगितलं. खाटेवर बसून चांगलं पाच मिनिटांचं भरून पाठवलं. आणि मला एक खोड आहे. आक्काला पाठवलेलं मी स्वतः एकदा ऐकतो. टाका घातला की उलटून बघायचा, ती सवय. तर काल दुपारी, सूनबाईची जेवणाची सुट्टी चालू, ती मागे काहीतरी आवरतेय, आणि मी इकडे खाटेवर माझंच बोलणं ऐकतोय. ऐकता ऐकता त्या पहिल्या दुकानातल्या रेघ-दाढीचं आलं, आणि मला माझंच हसू आलं. मोठ्याने हसणं... हे मी तपासलंच नव्हतं. जांभई तपासली, घास तपासला, हसणं नाही. माझ्या घरात कोण हसतं? डावी उडाली, चकतीसकट, आणि गेली खाटेखाली.

दुसरी हरवू नये म्हणून ती काढून डबीत ठेवली, झाकण लावलं आणि मी गुडघे सांभाळत शिरलो खाटेखाली. आणि वरून, खाटेवरच्या फोनमधून, भरघोस आवाजात, मी बोलायला लागलो. डबी बंद केली की फोन स्वतःच्या तोंडाने बोलतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "...आक्का, सूनबाईने पगारातून आणल्या, पण निव्वळ भंगार गं. पहिल्या दिवसापासून बसल्या नाहीत. मी आपला रोज सकाळी 'अगदी फिट, अगदी फिट'. ती भोळी, खरं मानते. आता तर त्या मेल्यात, मोज्यात पुरून ठेवल्यात खणात. ह्या दुसऱ्याच आहेत, तिला पत्तासुद्धा नाही..."

बाहेर यायचं म्हटलं तर गुडघा वळेना. आणि समोर, खाटेच्या पट्टीखालून, मला दिसली पावलं. चपला निळ्या, पाच नंबर, उजवं पाऊल किंचित मोठं, उजव्या चपलेचा अंगठा झिजलेला. नोकरीचं म्हणाल तर बिनघोर, सुट्टीच चालू होती, फोनवर गिऱ्हाईक नव्हतं. फक्त ती होती. उभी होती. कारागीर माणूस मी, पाऊल कशासाठी उभं आहे ते मला कळतं. ऐकायला उभं होतं ते.

आणि तुम्हाला सांगतो, पुढचं चांगलं होतं. त्या निरोपात पुढे मी चांगलं बोललो होतो, शेवटचं एक मिनिट सगळं तिचंच होतं. पण मला आधी कुरकुर करायची आणि मग चांगलं बोलायचं, ही रीत. मी खाटेखालून मनात म्हणतोय, थांब पोरी, आता येईल, ते पाचव्या दुकानाचं झालं की येईल, लाकडी कानांचं झालं की लगेच येतं... तोंडाने म्हणायला पाहिजे होतं, पण तोंडाने म्हणायची सवय कुठे? फोनमधला मी आपला निवांत, लाकूड कुठलं घेतलं, पटाशी कितीची वापरली, सगळं सांगतोय आक्काला. कधी नव्हे तो इतका बोललाय, माणसाने थोडं आटोपतं घ्यावं ना?

उजव्या पावलाची टाच उचलली गेली. मग डाव्या. दोन्ही वळली, आणि मागच्या खोलीत गेली. 

आणि तेव्हा वरून फोनमधला मी म्हणतो, "पण आक्का, खरं सांगू? तिने स्वतःच्या हाताने चष्मा काढून कानात घातल्या गं माझ्या. आपल्या पोटच्या पोरांनी नाही केलं कधी. लाखात एक आहे पोर."

मी खाटेखालून त्याला म्हटलं, आता मला सांगतोयस? मला माहीत होतं ते.